बाटलीवरची चार नावं

मित्रांनो, आइस हॉकीचा सामना कधी पाहिलात, तर गोलच्या जाळीच्या माथ्यावर एकदा नजर टाका. तिथे पाण्याची एक बाटली ठेवलेली असते. खेळाडूंकडे सगळे बघतात, बाटलीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या विद्यार्थ्यांचा एक संघ आहे, त्या संघाच्या गोलरक्षकाची बाटली म्हणजे मी. वय वर्षं नऊ. प्लास्टिकच्या बाटलीला हे म्हातारपणच म्हणायचं.

मी हिरव्या रंगाची आहे. पिळली की पाणी उडतं आणि चोच लांब आहे. गोलरक्षकाला मास्क न काढता पाणी पिता यावं, म्हणून माझ्या चोचीची लांबी. या देशात दुकानातून आणलेली रिकामी बाटली परत नेली, की एक यंत्र तिला गिळून चिठ्ठी देतं. मी त्या घराण्यातली नाही. मला कुठलंच यंत्र परत घेत नाही, म्हणून तर इतकी वर्षं टिकले.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीतल्या बाटलीला मराठी कुठून आलं? तर तेही गोलच्या मागूनच आलं. आमचे सामने शेजारच्या गावातल्या एका जुन्या हॉलमध्ये होतात. गोलच्या मागे काचेचे उंच तक्ते आहेत आणि दोन तक्त्यांमध्ये बोटभर फट आहे. त्या फटीच्या बरोबर समोर माझी बसायची जागा. फटीपलीकडे सहा वर्षांपूर्वी एक मराठी मुलगा येऊन उभा राहिला आणि तेव्हापासून तो बोलायचा थांबलेलाच नाही.

पण आधी माझ्या अंगावरच्या नावांबद्दल सांगते. माझ्या पहिल्या गोलरक्षकाचं नाव हाइनर. त्याने पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहिलं. तो फार कमी बोलायचा आणि दरवेळी मला धुवून उलटी वाळत घालायचा. अशी माणसं बाटलीच्या नशिबी क्वचित येतात. तीन वर्षांनी तो नोकरी लागून गेला. मग योनास आला. त्याने हाइनरची पट्टी काढली नाही, तिच्याखाली आपली लावली. संघात तेव्हापासून ती रीतच पडली.

योनास आला त्याच हिवाळ्यात मयुरेशही आला. मिरजेचा मुलगा, बॅटरीवर पीएचडी करायला आलेला. हॉकी म्हटल्यावर त्याला वाटलं गवत आणि चेंडू. साध्या स्वेटरवर तो बर्फाच्या हॉलमध्ये आला आणि तासभर काकडत उभा राहिला. जर्मनीत येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि प्रयोगशाळेतल्या माणसांखेरीज कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं. सामना संपल्यावर योनासला काचेमागे निळ्या ओठांचा तो मुलगा दिसला. योनासने खेळातली काळी रबरी चकती उचलली आणि काचेवरून त्याच्याकडे टाकली. मयुरेशने ती झेलली. ती चकती अजून त्याच्या टेबलावर आहे, असं त्याने निदान पन्नास जणांना सांगितलेलं मी ऐकलं आहे.

त्यानंतर मयुरेशने एकही सामना चुकवला नाही. हळूहळू त्याच्याबरोबर इतर मराठी मुलं-मुली यायला लागली. हॉकीच्या सामन्यात संघ दोनदा बाजू बदलतात. बाकी प्रेक्षक आपापल्या जागी बसून राहतात, पण ही मंडळी डबे, थर्मास आणि जाकिटं गोळा करून आपल्या गोलरक्षकामागे हॉलला अर्धी फेरी मारतात. "गोलीला एकटं सोडायचं नाही," हा मयुरेशचा नियम. माझीही वरात त्याच वेळी एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर निघते, त्यामुळे आमची साथ कधी सुटली नाही.

योनास पाच वर्षं खेळला. शेवटच्या दोन वर्षांत तो खरोखर भिंत होता. पण पहिलं वर्ष मला आठवतं. एका सामन्यात त्याने नऊ गोल खाल्ले होते. आत आल्यावर त्याने मला भिंतीवर फेकलं आणि मग डोक्यावर टॉवेल घेऊन खूप वेळ रडला. माझ्या मानेला चीर पडली ती तेव्हाची. दुसऱ्या दिवशी त्यानेच ती पट्टीने बांधली. त्या नऊ गोलांच्या वेळी काचेमागून मयुरेश काय ओरडत होता, ठाऊक आहे? "हाइनर असता तर हे झालंच नसतं!" हाइनरला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. जुन्या जर्मन प्रेक्षकांकडून ऐकलं आणि पुढे ढकललं. माणसांचं हे एक मला गमतीचं वाटतं. जो निघून गेला, त्याचे गोल ती विसरतात.

मागच्या वर्षी योनास गेला आणि बेकर आली. पाठीवर मोठ्या अक्षरांत बेकर, डोक्यावर मास्क, अंगावर ढीगभर पॅड. संघात ती एकटीच मुलगी. पहिल्याच दिवशी कपडे बदलताना तिचा फोन वाजला आणि पलीकडून आवाज आला, "उर्जा, जेवलीस का गं?" मी जाळीवर असते तर खाली पडले असते! तिचे बाबा जर्मन, बेकर हे नाव त्यांचं. आई विभावरी, माहेरची नाशिकची, झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनीयर. आई मराठीत बोलायची आणि उर्जा जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तिचं सगळं लहानपण असंच गेलेलं. मराठी तिला शब्द न् शब्द कळायचं, पण बोलायला तिची जीभ वळायची नाही. लहानपणी नाशिकला ती काहीतरी बोलली आणि भावंडं तिच्या उच्चारांवर हसली, तेव्हापासून तिने तोंडच मिटून घेतलं होतं.

आणि ही गोष्ट काचेमागे कोणालाच ठाऊक नव्हती. कळणार तरी कशी? मैदानात तिचा चेहरा मास्कमध्ये. सामना संपला रे संपला, की ही मंडळी रेजिओनालबान पकडायला धावत सुटायची, कारण ती गाडी चुकली की पुढची तासाने. त्यांच्या लेखी ती बेकर होती, जर्मन होती आणि मराठी कळणारं त्या हॉलमध्ये त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. परदेशात आपली भाषा म्हणजे दार लावून घेतलेली खोली, असं आपल्या माणसांना वाटतं. मग तोंडाला काही धरबंध राहत नाही.

त्यांच्यात तीन जण नेहमीचे. मयुरेश, वेदांग आणि स्वराली. वेदांग वही घेऊन उभा राहायचा आणि प्रत्येक फटका लिहून ठेवायचा. स्वराली मागच्याच वर्षी आलेली, योनासला न पाहिलेली. त्यामुळे भांडण ठरलेलं.

"योनास बघायला हवा होतास तू," मयुरेश म्हणायचा. "चकती निघायच्या आधी त्याचा हात तिथे पोचलेला असायचा."

"आल्झो, म्हणजे तो काय ज्योतिषी होता का?" स्वराली म्हणायची. "अरे, तिच्यासमोर तिघं जण उभे होते. तिला दिसायला तर हवं ना!"

"वेदांग, सांग हिला. पर्सेंटेज सांग."

"एकवीस शॉट्स, अठरा सेव्ह," वेदांग वहीतून मान न काढता सांगायचा. "पण योनासच्या वेळी डिफेन्स बरा होता. कम्पेअर नाही करता येणार."

"गेनाऊ! तेच तर!" स्वराली म्हणायची.

"गेनाऊ काय? कसली गोली आहे ही! हिच्या दोन पायांमधून अख्खी रेजिओनालबान जाईल," मयुरेश एके दिवशी म्हणाला. "आणि तीसुद्धा वेळेवर!"

तिघंही खो खो हसले. स्वरालीसुद्धा हसली. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं, कारण ती गाडी वेळेवर येणं किती अवघड, हे मीही इतक्या वर्षांत ऐकून होते. मग उर्जाने मला उचललं आणि माझं हसू पळालं. तिने पाणी प्यायलं नाही, नुसतं मला धरून ठेवलं. पुढच्या पाच मिनिटांत तिने दोन गोल खाल्ले, दोन्ही पायांमधून.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ती पॅडसुद्धा न सोडता बाकावर बसली आणि तिने आईला फोन लावला. आता मला नाही जमत, मी सोडते, असं ती जर्मनमध्ये सांगत होती. ट्रेनरला पाठवायचा निरोप तिने लिहूनही ठेवला होता. त्याला ती आपली अब्मेल्डुंग म्हणत होती. माणसं घर सोडताना सरकारी कचेरीत नाव काढून टाकतात ना, तसं.

"पण झालं काय? कोण काय बोललं तुला?" विभावरीताईंनी विचारलं.

ते वाक्य जर्मनमध्ये सांगता येईना. तेव्हा उर्जाने ते जसंच्या तसं मराठीत म्हणून दाखवलं. अडखळत, पण अगदी 'तीसुद्धा वेळेवर'पर्यंत. पलीकडे विभावरीताई हसल्या. त्यांना ते आवरलंच नाही.

"आई!"

"सॉरी, सॉरी बाळा. चुकले. फार दिवसांनी असं काही ऐकलं गं, म्हणून." त्यांचा आवाज बदलला. "लागलं ना तुला? मग त्यांना सांग की, मला कळतं म्हणून. मराठीतच सांग."

माझ्या मराठीला ते हसतील, असं उर्जा जर्मनमध्ये म्हणाली. विभावरीताई म्हणाल्या, "हसले तर हसू देत. मी मघाशी हसले, म्हणून काय तू माझी नाहीस का?" उर्जाने फोन ठेवला. हंगामाचा शेवटचा सामना पुढच्या शनिवारी होता. तेवढा खेळायचा आणि निरोप पाठवून द्यायचा, असं तिने ठरवलं. मला मात्र ती घरी घेऊन गेली आणि ब्रशने आतून घासून लख्ख केलं. जाणारी माणसं वस्तू नीट करून ठेवतात. मला फार वाईट वाटलं. काचेमागच्या त्या पोरांचा मला रागही आला, आणि मित्रांनो, ती वाईट नाहीत हेही मला ठाऊक होतं. मयुरेशला योनास इतका आवडायचा, त्यात त्याचा पहिला हिवाळाही होता. ती एक चकती त्याच्या हातात पडली नसती, तर तो कदाचित मिरजेला परतला असता. पण एकाचे उपकार फेडताना आपण दुसरीच्या पाठीत दगड मारतो आहोत, हे त्याला कोणी सांगावं? मी बाटली. मला चोच आहे, पण ती पाण्यापुरती.

शनिवारी दुपारी सामना सुरू झाला. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या भागात दोन-दोन अशी बरोबरी होती आणि चार मिनिटं उरली होती. मंडळी आमच्या मागे येऊन उभी होती. मयुरेशच्या हातात शंकरपाळ्यांचा डबा होता. इतक्यात समोरचा एक खेळाडू सगळ्यांना चुकवून एकटाच आला. तो डावीकडे झुकला, उर्जा डावीकडे सरकली आणि त्याने बरोब्बर तिच्या दोन पायांमध्ये फटका मारला.

"गेला!" मयुरेश ओरडला.

उर्जाचे दोन्ही गुडघे बर्फावर आपटले. पॅडवर पॅड बसल्याचा फट्ट असा आवाज झाला. चकती आत सापडली होती. शिट्टी वाजली.

उर्जा उठली. दर वेळेसारखी ती माझ्याकडे वळली, पण या वेळी तिने मास्क डोक्यावर सरकवला. पहिल्यांदाच त्या तिघांना तिचा चेहरा दिसला. घामाने चिकटलेले काळे केस आणि तसेच काळेभोर डोळे. तिने सावकाश पाणी प्यायलं, काचेच्या फटीपाशी तोंड नेलं आणि म्हणाली,

"आज रेजिओनालबान रद्द आहे."

रद्दमधला र तिने जर्मन पद्धतीने घशातून काढला. कोणी हसलं नाही. मयुरेशच्या तोंडाशी गेलेला शंकरपाळा तिथेच राहिला. वेदांगचं पेन खाली पडलं. "आई गं," एवढंच स्वराली म्हणाली. उर्जाने मला जाळीवर ठेवलं, मास्क ओढला आणि पाठ फिरवली.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण खेळ कोणाच्या सोयीने चालत नाही. शेवटच्या मिनिटाला एक फटका आमच्याच खेळाडूच्या स्केटला लागून वळला आणि उर्जाच्या हाताखालून आत गेला. जाळी हादरली आणि मी घरंगळत बर्फावर पडले. पडल्या पडल्या मला एकच काळजी होती. आता काचेमागून काय येणार?

काहीच आलं नाही. नऊ वर्षांत ती फट मी इतकी शांत कधी ऐकली नव्हती. उर्जा गुडघ्यांवर बसून होती. मग मयुरेशचा आवाज आला, जरा फाटलेला.

"बेकर! असू दे गं! स्केटला लागून आला तो. आम्ही आहोत इथे."

तिने मागे वळून पाहिलं नाही. मला उचलून जाग्यावर ठेवलं आणि माझ्या पोटावर दोन थापट्या मारल्या. आमचा संघ तीन-दोनने हरला.

ती आवरून बाहेर आली, तेव्हा खेळाडूंच्या दाराशी तिघं उभे होते. मी तिच्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात होते, त्यामुळे सगळं दिसलं. त्यांची गाडी केव्हाच निघून गेली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा मयुरेशने ती जाऊ दिली होती.

"सॉरी," तो म्हणाला. "म्हणजे... आम्हाला वाटलं, इथे कोणाला कळतंय."

उर्जाने शब्द जुळवायला वेळ घेतला. तिघंही थांबून राहिले, कोणी मध्ये शब्द पुरवला नाही. "मला सगळं कळतं," ती म्हणाली. "बोलायला... एवढं नाही येत."

"न यायला काय झालं? मघाशी कसलं आलं!" स्वराली म्हणाली. "आणि मीही हसले होते त्या दिवशी. माझंही सॉरी."

"आणि योनास? तो खरंच एवढा चांगला होता?" उर्जाने विचारलं.

मयुरेशने मान खाली घातली. "शेवटी शेवटी होता. पहिल्या वर्षी एका मॅचला नऊ गोल खाल्ले होते त्याने. मी मागून बोंबलत होतो, हाइनर असता तर, हाइनर असता तर. हाइनरला मी पाहिलेलंसुद्धा नाहीये."

उर्जा हसली. आईसारखीच, न आवरता. मग तिने मला खिशातून काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. वरची पट्टी हाइनर, तिच्याखाली योनास, तिच्याखाली बेकर. ज्या नावांवरून ही माणसं वर्षानुवर्षं भांडत होती, ती सगळी एकाखाली एक त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मयुरेशने योनासच्या नावावरून अंगठा फिरवला आणि मग माझ्या मानेवरची चीर त्याला दिसली. ती कशाने पडली हे मी सांगू शकले नाही, पण त्याला काहीतरी समजलं असावं.

"तुझं नाव काय? खरं नाव?" त्याने विचारलं.

"बेकरपण खरंच आहे," ती म्हणाली. "पण उर्जा."

वेदांगच्या दप्तरात चिकटपट्टी आणि मार्कर निघाला. मयुरेशने चौथी पट्टी लावली आणि मराठीत लिहिलं, 'उर्जा'. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. यातला र कुठे आहे, असं तिने विचारलं. त्याने शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरचा बाक दाखवला.

"वर बसलाय?" उर्जा माझ्याकडे बघून म्हणाली. "हिच्यासारखा. जाळीवर."

पुढची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. चौघं थंडीत फलाटावर शंकरपाळे खात उभे राहिले आणि गोलरक्षक कसा असावा यावर पुन्हा कडकडून भांडले. या वेळी उर्जाही भांडत होती, अर्धं जर्मनमध्ये, अर्धं मराठीत. गाडीत बसल्यावर तिने फोन काढला, ट्रेनरला लिहिलेली ती अब्मेल्डुंग पुसली आणि आईला माझा फोटो पाठवला.

हे मार्चमधलं. आता नवा हंगाम सुरू झाला आहे आणि उर्जा गोलमध्ये उभी आहे. परवा राजस नावाचा एक नवा विद्यार्थी काचेमागे आला. उर्जाने एक सोपा गोल खाल्ला, तेव्हा तो म्हणाला, "ही काय गोली आहे!" मयुरेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तोंडावर सांगता येईल तेवढंच मागून बोल. ती ऐकते." आणि मग फटीला तोंड लावून स्वतः ओरडला, "उर्जा, तो डावा पाय काय झोपला होता का गं?" उर्जाने न वळता ओरडून सांगितलं, "हो! पुढच्या वेळी उठवते!" टीका तीच, भांडणं तीच. फक्त आता ती तिच्याशी होतात.

मित्रांनो, माझे आता फार हंगाम उरलेले नाहीत. मानेची चीर वाढते आहे. संघात कोणीतरी नवी बाटली घ्यायची गोष्ट काढली होती, पण उर्जाने नाही म्हटलं. तुम्हाला फार काही सांगायचा माझा अधिकार नाही. एवढंच सांगते, तुमच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसालाही कान असतात, आणि त्याची भाषा कोणती हे पाठीवरच्या नावावरून कळत नाही.

आणि हो, मला धुवायची वेळ तुमच्यावर आली तर गरम पाणी वापरू नका. पट्ट्या सुटतात. माझ्या अंगावर चार नावं आहेत आणि खाली अजून एका नावापुरती जागा शिल्लक आहे.